पोळायला किती सेकंद लागतात? घरातलं गरम पाणी, चहा, वाफ आणि तेल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लेखी स्वरूपात. यावेळी आकडे जरा जास्त आहेत आणि कानांवरून आकडे निसटतात, म्हणून स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकता येईल असं लिहिलंय.

विषय अगदी घरगुती आहे. गरम पाणी, चहा, दूध, आमटी, तेल, वाफ. यांनी पोळणं. आग लागली की सगळं गाव धावतं, त्याची बातमी होते. पण बादलीतल्या पाण्यानं पोळलेलं लेकरू गुपचूप दवाखान्यात जातं, आणि घरात एकच वाक्य उरतं: "लक्ष कुठं होतं तुझं?" हे वाक्य बहुतेक वेळा आईला किंवा आजीला ऐकावं लागतं. मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नाही. पण आमच्या कामात पहिल्या वर्षीच एक गोष्ट शिकवतात: माणूस चुकणारच, हे धरून सिस्टीम बांधायची. "युझरनं नीट लक्ष द्यायला हवं होतं" हे उत्तर आमच्याकडं चालत नाही. मग घरातच का चालावं?

किती गरम म्हणजे धोक्याचं?

आपल्याला वाटतं, उकळतं पाणी तेवढं धोक्याचं. खरं म्हणजे त्याच्या बरंच खालीही कातडी जळते, फक्त वेळ जास्त लागतो. 1947 मध्ये अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघा संशोधकांनी हे नीट मोजलं. त्यांना दिसलं की 44 अंश सेल्सिअसलाही कातडीला इजा होते, पण त्याला साधारण सहा तास लागतात. तापमान वाढलं की हा वेळ धडाधड कोसळतो. मोठ्या माणसाच्या कातडीसाठी खोलवर भाजायचा हिशोब साधारण असा:

49 अंश: पाच ते दहा मिनिटं
55 अंश: अर्धा मिनिट
60 अंश: पाच सेकंद
70 अंश: एक सेकंद

बघा, 49 ते 60 म्हणजे फक्त 11 अंशांचा फरक. पण वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. पाच मिनिटांत माणूस हात बाहेर काढतो, ओरडतो, बाजूला होतो. पाच सेकंदांत म्हातारं माणूस बाथरूममध्ये नीट वळतसुद्धा नाही. लहान मुलांची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते, त्यामुळं त्यांना याहूनही कमी वेळ मिळतो. वर्षा-दीड वर्षाच्या पोराला तर मागं सरकायचं हेही कळत नाही, ते जागेवरच रडत उभं राहतं.

आणखी एक गट आपण विसरतो: डायबेटिसवाले. बऱ्याच वर्षांच्या शुगरनं पायाची संवेदना कमी होते. पाय दुखतात म्हणून गरम पाण्याच्या टबात पाय बुडवून बसायचं, आणि पाणी किती गरम आहे ते पायाला कळतच नाही. घरात शुगरचं माणूस असेल तर पाण्याचा अंदाज दुसऱ्यानं घ्यायचा, आणि तोही हाताच्या कोपरानं.

वाफ पाण्यापेक्षा वाईट का?

शिर्डीला साई संस्थानाच्या प्रसादालयावर गेलात तर वर मोठमोठ्या तबकड्या दिसतात. 2009 पासून तिथं 73 सौर तबकड्यांनी पाण्याची वाफ करून त्या वाफेवर हजारो भाविकांचं अन्न शिजतं. वाफेत एवढी ताकद येते कुठून? शाळेत शिकलेली सुप्त उष्णता आठवा. एक ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत साधारण 63 कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ मात्र कातडीवर पडल्या पडल्या पाणी होते आणि त्या एका बदलातच 540 कॅलरी सोडते, वरून त्या पाण्याच्या 63 वेगळ्या. म्हणजे वजनाला वजन धरलं तर वाफ जवळपास साडेनऊपट उष्णता देते.

जी गोष्ट मोठ्या स्वयंपाकघरात भात शिजवते, तीच आपल्या घरात कुकरमध्ये बसलेली असते. आपल्या नगर शहरात पाणी साधारण 98 अंशांना उकळतं, कारण आपण समुद्रसपाटीपासून उंचावर आहोत. अकोल्यातल्या कळसूबाईच्या माथ्यावर, 1646 मीटरवर, तेच पाणी 95 च्या आसपासच उकळेल. हवेचा दाब कमी, तर उकळणंही कमी तापमानाला. कुकरमध्ये नेमकं उलटं: दाब वाढतो आणि आतलं पाणी 120 अंशांपर्यंत जाऊनही शांत राहतं. दाब असताना झाकण जबरदस्तीनं उघडलं की त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते आणि डाळ छताला जाते. म्हणून घाई असली तरी चमच्यानं शिट्टी उचलून वाफ काढायची नाही. कुकर आपोआप निवू द्यायचा. झाकण सहज फिरत नसेल तर आत दाब आहे, एवढं साधं आहे. आणि पातेल्यावरचं झाकण काढताना ते ढालीसारखं धरायचं: आधी पलीकडची कड उचलायची, म्हणजे वाफ तोंडावर न येता समोर जाते.

सर्दीत वाफ घेण्याबद्दलही बोलायला हवं. कोविडच्या काळात घरोघरी पातेलं, वर चादर, आत पोरगं असा प्रकार चालला होता. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की वाफ घेताना पोळलेल्या मुलांची संख्या एकदम वाढली आहे. बहुतेक वेळा वाफेनं नाही, तर पातेलं मांडीवर सांडून पोळतं. लहान मुलांना पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नका.

तेल आणि पाक

दिवाळीत चकलीचं तेल 170 ते 190 अंशांच्या घरात असतं. पाणी अंगावर पडलं की बरंचसं ओघळून जातं. तेल चिकटतं, उडून जात नाही, आणि उष्णता सोडत बसतं. संक्रांतीला तिळगुळाचा पाक त्याहून चिवट. पाण्यापेक्षा जास्त गरम आणि गोंदासारखा चिकट. चिक्की किंवा लाडू वळताना पोरं भोवती जमतात, तेव्हाच हे होतं. कढई गॅसवरून उतरवली म्हणजे धोका संपला असं नाही, तेल निवायला बराच वेळ घेतं. ते निवेपर्यंत कढई हलवायचीच नाही. ओल्या झाऱ्यानं तेल उडतं, कारण तेलात गेलेला पाण्याचा थेंब वाफ होताना शेकडो पटींनी फुगतो. आणि तेलानं पेट घेतला तर त्यावर कधीच पाणी ओतायचं नाही. गॅस बंद, वर घट्ट झाकण.

आंघोळीचं पाणी: आपल्याकडचा मोठा धोका

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. कुणाकडं तांब्याचा बंब, कुणाकडं चूल, कुणाकडं हीटरचा रॉड, आणि गेल्या काही वर्षांत गच्चीवर सोलर. प्रत्येकाची गडबड वेगळी आहे.

रॉडमध्ये थर्मोस्टॅट नसतो. तो थांबत नाही. हिशोब करू: 1500 वॅटचा रॉड, 15 लिटरची बादली, 20 अंशांचं पाणी. अर्ध्या तासाच्या आत ते 60 ला पोहोचतं, आणि तासाभरात उकळायला लागतं. तुम्ही फोनवर बोलत बसलात तरी त्याला फरक पडत नाही. उपाय: बादली पोराच्या हाताला लागणार नाही अशा बंद खोलीत, वायर लोंबकळू द्यायची नाही, फोनवर 20 मिनिटांचा टायमर लावायचा, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. तिथं पोळण्याच्या जोडीला शॉकही आहे.

सोलरची गंमत उन्हाळ्यात. मे महिन्यात कोण गरम पाण्यानं आंघोळ करतं? पाणी वापरलं जात नाही, ऊन मात्र रोज आहे. टाकीतलं पाणी 70-80 अंशांपर्यंत चढू शकतं. वर दिलेला तक्ता पुन्हा बघा: 70 ला एक सेकंद. सुट्टीत आजोळी आलेल्या पोरानं गरम पाण्याचा नळ फिरवला की झालं. सोलरच्या लाईनवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवता येतो. तो गरम-थंड पाणी मिसळून ठरलेल्या तापमानाचंच पाणी पुढं सोडतो. तो बसेपर्यंत उन्हाळ्यात गरम नळाचा कॉक बंद ठेवा. फुकट उपाय आहे.

गीझर असेल तर त्याला बहुधा तापमानाचं बटण असतं. नळाला येणारं पाणी 50 च्या आत राहील असं ठेवा. हे "सेटिंग बदला" प्रकरण किती काम करतं याचं खरंखुरं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं 1983 मध्ये कायदा केला: नवीन वॉटर हीटर कारखान्यातूनच 49 अंशांवर सेट होऊन यायला हवा. पुढच्या काही वर्षांत तिथल्या बहुतेक घरांतलं नळाचं पाणी आधीपेक्षा थंड झालं आणि नळाच्या पाण्यानं पोळलेल्या मुलांचं दवाखान्यात येणं कमी झालं. रोज प्रत्येक आईला "लक्ष ठेव" सांगावं लागलं नाही. डिफॉल्ट बदललं, बास.

आपल्या घरातली डिफॉल्ट कोणती? सगळ्यात महत्त्वाची ही: बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. आपल्याकडं सवय उलटी आहे. चुलीवरचं कडकडीत पाणी आणून मोरीत ठेवायचं आणि मग विसण आणायला जायचं. त्या एका मिनिटात मोरीत पोळेल अशी बादली आणि रांगणारं पोर दोघं एकटे असतात. क्रम बदलला की तो मिनिटच नाहीसा होतो. अंदाज हवा असेल तर: 25 अंशांचं तीन तांबे पाणी आणि 80 अंशांचा एक तांब्या मिसळलं तर जवळपास 39 अंश होतं. बाळासाठी 37-38 पुरे, म्हणजे थंडाचा हात थोडा सैल सोडा. आणि बाळाला पाण्यात घालण्याआधी कोपर बुडवून बघायचं. राबणाऱ्या हाताचा तळवा घट्ट झालेला असतो, त्याला खरं कळत नाही.

चुलीवरून मोरीपर्यंत पातेलं उचलून न्यायचं असेल तर वाट मोकळी करा, पोराला कुणाच्या तरी कडेवर द्या, आणि एकदम मोठं पातेलं नेण्यापेक्षा झाकणाच्या लहान भांड्यातून दोन फेऱ्या करा.

चहा आणि ओटा

माझ्या चुलत बहिणीची लेक दीड वर्षाची असताना टीपॉयवरचा टेबलक्लॉथ ओढून चहाचा कप स्वतःवर पाडून बसली. एक कप. गळा, छाती आणि डावा दंड. मोठ्या माणसाच्या अंगावर एक कप चहा म्हणजे हातभर जागा, लेकराच्या अंगावर तोच कप अर्धी छाती व्यापतो. शेजारच्यांनी धावत येऊन टूथपेस्ट फासली. दवाखान्यात आधी ती पेस्ट काढायला लागली, आणि पोरगी त्या वेळी जे ओरडली ते माझी बहीण आजही सांगत नाही. ती आता शाळेत जाते. दंडावरचा डाग आहे, हात पूर्ण हलतो. पण वर्षभर प्रत्येक पाहुण्यानं बहिणीला तेच विचारलं: लक्ष कुठं होतं? टेबलक्लॉथ का होता, हे कुणीच विचारलं नाही.

म्हणून यादी वस्तूंची करतो, माणसांची नाही:

टेबलक्लॉथ काढून टाका, पोर तीन-चार वर्षांचं होईपर्यंत.
चहा पिताना पोर मांडीवर किंवा कडेवर नको. दोन्हीपैकी एक.
कप टेबलाच्या मधोमध. जमिनीवर बसून चहा घेत असाल तर कप खाली नाही, मागच्या फळीवर किंवा खिडकीत.
पातेल्याचा दांडा ओट्याच्या आत वळलेला. उकळतं ते मागच्या शेगडीवर.
इलेक्ट्रिक केटलची वायर ओट्यावरून खाली लोंबकळायला नको.
शेगडी जमिनीवर असेल तर तिच्याभोवती तीन फुटांची हद्द ठरवा. खडूनं रेघ मारा, पोरं रेघ चांगली पाळतात. रांगत्या बाळाला रेघ कळत नाही, तिथं पाळणा किंवा आडवं फळकूट लागतंच.
गरम पातेलं फडक्यानं नाही, सांडशीनं. ओलं फडकं तर नाहीच, ओल्यातून चटका लवकर पोहोचतो.

गावात सप्ताह, लग्न, जत्रा असली की हेच मोठ्या मापात होतं. आमटीच्या कढया जमिनीवरच्या चुलवणावर असतात, आणि बुंदी पाडायची जागा बघायला पोरांची झुंबड. स्वयंसेवक म्हणून तुम्ही उभे असाल तर वाढण्याआधी एक काम करा: कढयांभोवती दोरी बांधा आणि वाढप्यांची वाट पंगतीच्या वाटेपासून वेगळी ठेवा.

पोळलंच तर: वीस मिनिटं

हा भाग नीट वाचा, कारण याचा परिणाम आयुष्यभर राहतो.

1953 मध्ये जॅक्सन नावाच्या ब्रिटिश सर्जननं दाखवलं की भाजलेल्या जागेत तीन पट्टे असतात. मधला भाग मेलेला, बाहेरचा नुसता लालसर, तो आपोआप बरा होतो. या दोघांच्या मधला पट्टा अडकलेला असतो: तो जगेल किंवा मरेल, हे पुढच्या काही तासांत ठरतं. गार पाणी त्या पट्ट्यासाठी आहे. चटका लागून गेला तरी उष्णता कातडीच्या आत बसलेली असते आणि खाली जात राहते.

म्हणून: आधी ओला झालेला कपडा, बांगड्या, पैंजण, करदोडा, मनगटातला काळा दोरा काढा, कारण सूज आली की ते रुततात. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, आजूबाजूनं कापा. मग पोळलेल्या जागेवर वीस मिनिटं गार, वाहतं पाणी. ऑस्ट्रेलियात 2,495 मुलांच्या नोंदी तपासून 2020 मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांना वीस मिनिटं किंवा जास्त वाहतं पाणी मिळालं, त्यांना कातडी रोपण करायची वेळ कमी आली. उशीर झाला तरी तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो.

"पण आमच्याकडं नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं," असं तुम्ही म्हणाल. हिशोब करू. पाऊण लिटरचा तांब्या अर्ध्या मिनिटात सावकाश ओतला, तर वीस मिनिटांत 40 तांबे, म्हणजे 30 लिटर. दोन बादल्या. दुष्काळातही एवढं घरात असतं. तेवढंही नसेल तर स्वच्छ ओलं फडकं ठेवा आणि दर दोन मिनिटांनी पुन्हा भिजवून बदला.

उन्हाळ्यात एक सापळा आहे. गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी स्वतःच तापलेलं असतं. नळ सोडून थेट जखमेवर धरू नका, आधी हात लावून बघा. माठातलं किंवा रांजणातलं पाणी घ्या. कूलरमधलं नको, ते घाण असतं. बर्फही नको. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात आणि तोच मधला पट्टा मरतो. लहान मुलाला पाणी घालताना बाकी अंग चादरीत गुंडाळून ऊब द्या, सगळं पोर गार पडता कामा नये.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, कच्चा बटाटा, अंड्याचा पांढरा भाग यातलं काहीही लावू नका. हळदीचा मान आमटीत आहे. या गोष्टी उष्णता आत कोंडतात, जंतू नेतात, आणि डॉक्टरांना जखम दिसू देत नाहीत. फोड फोडायचे नाहीत. पाणी झाल्यावर स्वच्छ सुती कापड सैल पांघरा आणि निघा.

दवाखान्यात कधी? पोळलेली जागा पेशंटच्या स्वतःच्या पंजापेक्षा मोठी असेल (बोटांसकट पंजा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का), चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा लघवीची जागा असेल, फोड आले असतील, कातडी पांढरी पडली असेल, किंवा पेशंट लहान बाळ, म्हातारं, गरोदर, शुगरवालं असेल, तर लगेच. दुखत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, खोल भाजलं की नसाच जळतात आणि दुखणं कमी होतं. 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत पाणी चालू ठेवा. भाजलेल्यांवरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

या रविवारी काय करायचं?

आपल्यातले बरेच जण नोकरीसाठी पुण्यात, आणि आई-बाबा गावाकडं. ऑनलाइन गीझर पाठवतो, केटल पाठवतो. बॉक्स घरी पोहोचतो, पण त्याचं सेटिंग करायला कुणी नसतं. तर या रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावा आणि मोबाईल फिरवत तीनच गोष्टी दाखवायला सांगा: गीझर किंवा सोलरचा कॉक, रॉड लावायची जागा, आणि ओट्यावरच्या वायरी. पंधरा मिनिटांचं काम आहे. आईला उपदेश करू नका, तिनं तुमच्यापेक्षा जास्त पातेली उतरवलीत. फक्त विचारा, "मम्मी, बादलीत आधी कोणतं पाणी घालतेस?" तिथून गप्पा आपोआप सुरू होतील.

तुमच्या घरात चालणारी एखादी युक्ती असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोवर काळजी घ्या, भेटूच!